सोळा पानं कमी

शाळेच्या पत्र्याच्या पेटीत, नकाशांच्या खाली,
डांबरगोळ्यांचा वास लागलेलं ते पुस्तक.
तीन भावंडं निघतात
राक्षसानं पळवलेला नदीचा आवाज शोधायला.
वाटेत तीन दारं. एक मिठाचं, एक धुराचं,
आणि तिसऱ्याला धाकटा हात लावतो तेवढ्यात
पान एकशे अठ्ठावीस.
पुढे वाळवी.

मलपृष्ठावर छापलं होतं : पृष्ठे १४४.
खेमेश्वरीनं वजाबाकी केली, पेटी दोनदा उलटी केली.
खडू निघाले, वाळलेली पाल निघाली,
सोळा पानं निघाली नाहीत.
भोयर गुरुजी म्हणाले, शेवट काय, गोडच असतो,
जा, पाढे म्हणा.
हिवराज तेव्हा सहा वर्षांचा. त्याला ते पटलं नाही.
"मंग त्याचा हात?" तो म्हणाला,
"दारालेच चिकटून रायला का त्याचा हात?"

दोन रात्री तो नीट झोपला नाही.
तिसऱ्या रात्री आम्ही तिघं निघालो.

सामान असं :
बाबांचा टॉर्च, सेल दिवसभर उन्हात तापवलेले,
फडक्यात मुर्रा, मोहफुलाचा एक लाडू,
आणि मोठीच्या कंपासपेटीतलं कर्कटक
राक्षसासाठी.

माघ होता. धान निघालेल्या बांध्यांत
खुंटं पायाला टोचत होती,
लाखोरीची निळी फुलं अंधारात काळी.
पल्याडच्या गावी दंडार उभी होती,
ढोलकी वाऱ्यावर यायची आणि
काहीतरी विसरल्यासारखी मागे फिरायची.

मिठाचं दार लवकर सापडलं.
तळ्याच्या वाटेवरचा खारा दगड, गुरं चाटतात तो.
खेमेश्वरीनं जीभ लावली, थुंकली, म्हणाली, "हेच."
धुराचं दार ढिवरांच्या डोंग्यांपाशी,
विझत आलेली शेकोटी. डोळे मिटून तिच्यातून गेलो,
माझ्या परकराला एक भोक पडलं.

मग पाळ. पाळीवरून दिसलं तळं,
इतकं उगी, की चांदण्या त्यात पडल्या नव्हत्या,
ठेवल्या होत्या.
एवढ्या पाण्याला आवाजच नव्हता.
आम्ही तिघांनीही ते एकदम ऐकलं.

हिवराज काही न विचारता तुडुमाकडे उतरला.
लाकडी गुडद्याला त्यानं उजवा हात लावला.

यापुढचं आमचं जुळत नाही.

खेमेश्वरी म्हणते, गुडदा सैलच होता, निघाला,
पाणी सुटलं, लोक धावले,
सकाळी बाबांना पंचांनी अकरा रुपये दंड केला, बस.
मी मात्र पाहिलं :
त्या ओल्या भोकाच्या आत कंदिलासारखं काहीतरी,
आणि माझ्याएवढीच एक मुलगी, केस ओले,
आमच्याकडे बघणारी. जणू आम्हीच
तिच्या पुस्तकातली कमी पडलेली पानं.
मग ती नदीच्या आवाजात हसली.
तळ्यावरचे दोन सारस एकदम ओरडले.

हिवराजनं काय पाहिलं, तो कधी बोलला नाही.
तीन दिवस त्याची उजवी मूठ मिटलेली,
आई डाव्या हातानं जेवू देत नव्हती,
तरी उघडली नाही.

आता खेमेश्वरी अंगणवाडीत, तिचे गुडघे दुखतात.
मी तालुक्याला शिलाई करते.
हिवराज तेलंगणात, बोअरच्या गाडीवर.
जमिनीला कान लावून पाणी सांगतो म्हणे,
मालक त्याला दुसरीकडे जाऊ देत नाही.

परवा रात्री दोनला त्याचा फोन आला.
मागे मशीन धडधडत होतं.
बराच वेळ नुसता श्वास. मग,
"बाई, ते तिसरं दार...
येताना आपन लावलं होतं का?"

मी आठवून पाहिलं.
पाणी, धावणारे कंदील, मोठीच्या हातात माझी वेणी.
"नाही रे," म्हटलं, "कोणीच नाही लावलं."

तो गप्प झाला.
तिकडे कुणीतरी तेलुगूत ओरडलं,
मशीन थांबलं,
आणि चारशे फुटांखालून काहीतरी हसत वर येऊ लागलं.

"बरं झालं," हिवराज म्हणाला. "ठेवतो मंग."